आमच्याकडे लाइन जाते

पुण्या-मुंबईकडे वीज जाते, नाहीतर लाइट जातात. आमच्या नागपुरात लाइन जाते. "तुमच्याकडची लाइन गेली का जी?" असं शेजारी गॅलरीतून विचारतो, आणि तासाभराने गल्लीतली सगळी पोरं एका सुरात ओरडतात, "आऽऽली!" काय आली हे सांगावं लागत नाही. माझी बायको पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात मी दारातून ओरडलो, "लाइन गेली!", तर तिने जाऊन टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून पाहिला.

या शब्दाकडे माझं लक्ष गेलं ते अलीकडेच, आणि त्याला निमित्त झालं मुलीने आणलेल्या एका चकतीचं. फोन नुसता वर ठेवायचा की चार्ज होतो, तसली चकती. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला होता, पारा ४६ वर होता. बाबा कूलरसमोर बसले होते. बाबा आज ८४ वर्षांचे आहेत आणि त्यातली ३३ वर्षं विजेच्या खात्यात लाइनमन होते. त्यांनी चकती उलटी केली, सुलटी केली. मग तिच्यातून निघालेल्या पांढऱ्या वायरवर बोट ठेवून ते बोट भिंतीतल्या प्लगपर्यंत नेलं, फॉल्ट शोधायला लाइनवर पायी फिरावं तसं.

"ही वायरलेस आहे म्हणते. मग ही काय सुतळी आहे?"

"आजोबा, फोनला वायर नाही ना लागत!"

"म्हणजे दीड मीटर वायर ठेवलीच, अन् शेवटचं बोटभर अंतर बिनतारी केलं. त्याचे किती घेतले?"

आकडा ऐकून बाबा गप्प झाले. (आमच्या घरात 'आकडा' या शब्दाचा पहिला अर्थ वेगळाच आहे. त्याकडे येतो.) दहा मिनिटांनी फोननेच हात टेकले. तापमान जास्त झालं म्हणून चार्जिंग थांबवतोय, असं पडद्यावर आलं. मुलीने तो उचलून कूलरच्या तोंडाशी धरला. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "अर्धा करंट हवा तापवण्यातच चालला. तुझ्या बल्बासारखंच झालं हे."

त्या बल्बाची गोष्ट सांगायची तर १९८९ च्या उन्हाळ्यात जावं लागेल.

आदल्या वर्षी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली होती. ती रात्री चालायची. तिच्यासाठी नागपूरलाच एक मेगावॅटचा, म्हणजे दहा लाख वॅटचा, मध्यम लहरींचा प्रक्षेपक उभारला होता. कारण उघड आहे, देशाच्या मधोमध उभं राहून आरोळी दिली की ती चहूकडे सारखीच पोचते. झिरो माईलच्या गावाला असला मान मिळायचाच. मी तेव्हा आठवी पास होऊन नववीत जाणार होतो. महाल या जुन्या वस्तीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर रात्री पाणी शिंपडून गाद्या घातल्या जायच्या, आणि बाबांनी मला त्या गच्चीवर ऐकायला एक रेडिओ करून दिला होता. त्यात सेल नव्हता.

वाइंडिंगवाल्याकडून आणलेली तार एका पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली, एक जर्मेनियमचा डायोड, आणि कबाड्याकडून चार रुपयांत घेतलेला जुन्या टेलिफोनचा कानाला लावायचा भाग. एवढंच. एरियल म्हणून कपडे वाळत घालायची लोखंडी तार, अर्थिंग म्हणून नळाचा पाइप. रिसीव्हर उशीवर ठेवून त्यावर कान टेकला की बारीक, नाकात बोलल्यासारखा, पण स्वच्छ आवाज यायचा. गाणी, मध्येच बातम्या, पुन्हा गाणी. मी विचारलं, "सेल नाही तर हे चालते कशावर?" बाबा म्हणाले, "तिकडच्याच करंटवर. तो टॉवर जे फेकून रायला, त्यातलाच चिमूटभर तुझ्या कानात हलून रायला. आपला यात एक पैसा नाही."

आता मला सांगा, तेरा-चौदा वर्षांच्या पोराला हे सांगितल्यावर तो दुसरं काय करणार? मी रिसीव्हर काढला आणि त्या जागी टॉर्चचा बल्ब जोडला.

पेटला नाही. मला वाटलं, एरियल कमी पडतेय. दुसऱ्या रात्री तार वाढवली. तिसऱ्या रात्री ती शेजारच्या काकूंच्या गच्चीपर्यंत नेली. त्यांनी सकाळी तिच्यावर चादरी वाळत घातल्या. चौथ्या रात्री बल्बावर हाताचा आडोसा करून, डोळा अगदी काचेला लावून बघत बसलो. तार लाल झाल्याचा भास दोनदा झाला. बाबा बाजूच्या गादीवरून चारही रात्री बघत होते आणि बोलत नव्हते. शेवटी म्हणाले, "हाक मारून माणूस बोलावता येते, बेटा. हाक मारून पाणी नाही पाठवता येत. पाण्याला पाइपच लागते."

पुढे बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलं आणि तिथून विम्याच्या कचेरीत लागलो, म्हणजे दोन्हीकडे हिशेबच. त्या बल्बाचा हिशेब मी कॉलेजात असताना वहीच्या मागच्या पानावर केला होता, तो असा. दहा लाख वॅट चहूकडे पसरतात. दहा किलोमीटरवर पोचेपर्यंत ते इतक्या मोठ्या घुमटावर पसरलेले असतात की एका चौरस मीटरच्या वाट्याला साधारण दोन मिलिवॅट येतात, म्हणजे वॅटचा पाचशेवा भाग. आज आपण घरात लावतो तो ९ वॅटचा एलईडी बल्ब एवढ्यावर पेटवायचा, तर साडेचार हजार चौरस मीटरवर आलेली सगळी ऊर्जा, कण न सांडता, गोळा करावी लागेल. म्हणजे एकरभराहून थोडं जास्त. एका बल्बाला एक एकर! आणि अंतर दुप्पट केलं की एकर चार लागतात, तिप्पट केलं की नऊ. माझ्याजवळ कपडे वाळत घालायची तार होती.

मग रेडिओ कसा वाजला? कारण कान फार काटकसरी आहे. निरोगी माणसाला ऐकू येणारा अगदी बारीक आवाज दर चौरस मीटरला एका वॅटच्या लाखकोटीव्या भागाइतका असतो, एकावर बारा शून्यं लिहून त्याने एक वॅटला भागायचं. म्हणजे त्या रात्री करामत प्रक्षेपकाची कमी आणि माझ्या कानाची जास्त होती. टॉवरने शिधा पाठवलाच नव्हता. त्याने निरोप पाठवला होता, आणि निरोपाला वजन लागत नाही. नुसती चाहूल पुरते.

हा फरक मला वाटतं या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे, आणि भलेभले इथेच घसरले. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमाराला कोलकात्यात लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली, दारू उडवून दाखवली. बघणाऱ्यांना वाटलं असेल की हवेतून शक्तीच गेली. पण घंटा तिच्या स्वतःच्या बॅटरीवर वाजली, आणि दारूत तिचा स्वतःचा भडका होताच. लहरीने फक्त खटका ओढला. बोसांना हे अर्थातच ठाऊक होतं. बघणाऱ्यांना असेलच असं नाही.

आणि मग निकोला टेस्ला. नेटवर हा माणूस आता जवळजवळ देवळात बसवलाय. कोलोरॅडो स्प्रिंग्जला १८९९ साली त्याने सव्वीस मैलांवरचे दोनशे दिवे बिनतारी पेटवले, असं दर आठवड्याला कुणीतरी मला पाठवतं. तिथल्या प्रयोगांची त्याची वही छापलेली आहे, त्यात असं काही नाही. जे खरं आहे ते मात्र या फॉरवर्डपेक्षा मजेदार आहे. १९०१ साली त्याने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा मनोरा उभारायला घेतला. जे. पी. मॉर्गन या सावकाराने दीड लाख डॉलर दिले, ते अटलांटिकपार निरोप पाठवण्यासाठी. त्याच डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपार निरोप पाठवला, तोही कितीतरी साध्या सामानावर. तेव्हा टेस्लाने मॉर्गनला सांगितलं की मला निरोपाच्या पुढे जायचंय, पृथ्वीलाच तारेसारखी वापरून जगभर शक्ती पोचवायची आहे. मॉर्गनने पुढचे पैसे दिले नाहीत. हॉटेलच्या थकलेल्या बिलापोटी जागा गेली आणि १९१७ मध्ये मनोरा पाडून भंगारात काढला.

मॉर्गनने "पण मीटर कुठे बसवायचा?" असं विचारलं म्हणून टेस्ला बुडाला, अशीही एक गोष्ट सांगतात. तिला कागदाचा आधार नाही, पण गोष्ट टिकली याचं मला नवल वाटत नाही. बाबांना ती सांगितली तेव्हा ते खुर्चीतच सरसावून बसले. त्यांचा निम्मा जन्म आकडे काढण्यात गेला. तारेवर रात्री चोरून जो हुक टाकतात, तो आकडा. लांब बांबूने शंभर काढायचे, सकाळपर्यंत दीडशे लागलेले. "आकडा टाकायला निदान लाइनखाली तरी यावं लागते," बाबा म्हणाले. "तुझ्या टेस्लाच्या राज्यात घरी बसूनच चोरी. मग आम्ही काढायचं काय, हवा?"

मला मात्र टेस्लाची वेगळीच गोष्ट खुपते. तारा नकोत म्हणणाऱ्या याच माणसाच्या १८८८ च्या पेटंटांवर आजचा सगळा तारांचा संसार उभा आहे. एकाहून जास्त फेजची (पॉलिफेज) वीज त्याची. इंडक्शन मोटर त्याची; आमच्या कूलरचा पंखा फिरतो तो तिच्याच एका धाकट्या भावंडावर. महालात आमच्या खिडकीसमोर जो तारांचा गुंता लोंबतो, ज्यात दर संक्रांतीला "ओ काट!" झालेले वीस-पंचवीस पतंग अडकून पाऊस येईपर्यंत फडफडत राहतात, तो गुंता त्याचाच वारसा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीत बडग्याचं, म्हणजे उंच पुतळ्याचं, डोकं अडकू नये म्हणून पोरं पुढे बांबूने तारा उचलत चालतात, ते लहानपणी बाबांचा हात धरून बघताना मीही म्हटलं होतं, या ताराच नसत्या तर? बाबा त्या दिवशी ड्यूटीवर असायचे. त्यांचं लक्ष मारबतीकडे नसायचं. फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी लाइन, खरंच बंद आहे ना, इकडेच असायचं.

बाबांचा बिनतारी विजेवर विश्वास नाही, असा समज होईल. तसं नाही. त्यांचा तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे, कारण त्यांनी तिची भीती बाळगत नोकरी केली.

बल्बाच्या त्या उन्हाळ्यातच एका संध्याकाळी ते मला लूनावर मागे बसवून कोराडीकडे घेऊन गेले. माझ्या मांडीवर आडवी, जुन्या धोतरात गुंडाळलेली चार फुटी ट्यूबलाइट. ती फुटू नये म्हणून मी आख्खा रस्ता श्वास रोखून होतो आणि पंपावर पेट्रोल भरणारा विचारत होता, "कोणाची मयत आहे का जी?" वीजनिर्मिती केंद्रातून निघालेल्या ४०० केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या, लाइनीखाली, दोन टॉवरांच्या मधे जिथे तारा सगळ्यात खाली झोल खातात, तिथे एका शेताच्या कडेला आम्ही थांबलो. अंधार पडला होता. वर तारा तळणीत काहीतरी सोडल्यासारख्या चरचरत होत्या. बाबांनी ट्यूब धोतरातून काढली आणि एका टोकाला धरून उभी केली.

ती पेटली. लख्ख नाही, काजवे बाटलीत भरल्यासारखी, फिकट, थरथरती. कुठेही जोडलेली नाही आणि पेटलेली. बाबांनी हात वर सरकवला तर हाताखालचा भाग विझला आणि वरचा तेवढा उजळ राहिला. तारेपासून जमिनीपर्यंत दर मीटरला काही हजार व्होल्ट असे अदृश्य ताणलेले असतात, ट्यूबमधल्या विरळ वाफेला तेवढा ताण पुरतो, आणि माणसाचं अंग म्हणजे जमिनीचाच उभा तुकडा, म्हणून हाताच्या खाली ताण संपतो. हे मी पुढे शिकलो. तेव्हा फक्त तोंड उघडं पडलं होतं.

मी म्हटलं, "बाबा, हे तर झालंच की! बिनतारेचा लाइट!"

त्यांनी ट्यूब माझ्या हातात नाही दिली. शेताच्या काटेरी तारेच्या कुंपणाकडे बोट दाखवून म्हणाले, "ते दिसते? त्याला लाइन जोडलेली नाही. तरी हात लावशील तर झटका बसेल. एका टॉवरवर दोन लाइनी असतात. एक बंद करून तिच्यावर चढायचं असते, दुसरी सुरू असते. बंदवर काहीच नाही असं ज्याला वाटलं, तो खाली येत नाही. शेजारच्या सुरू लाइनीतून इंडक्शन येते. पहिले डिस्चार्ज रॉड लावायचा, दोन्हीकडून अर्थ करायचं, म्हणजे लाइन जमिनीला जोडायची, मग हात." थोडं थांबून म्हणाले, "बंद केलेली लाइन बंद नसते. अर्थ केलेली लाइन बंद असते." हे वाक्य ते नव्या पोरांना शिकवायचे, तेच मला लूनावर घरी येईपर्यंत आणखी दोनदा ऐकवलं.

म्हणजे वीज तारेबाहेर येते, याबद्दल शंका नाहीच. प्रश्न इतकाच की आलेली किती, आणि ती कुणाच्या हाती लागते.

फॅराडेने १८३१ मध्ये दोन वेटोळी शेजारी ठेवून जे दाखवलं तेच चकतीत चालतं. एका वेटोळ्यात प्रवाह सेकंदाला लाख-दोन लाख वेळा उलटसुलट नाचवला की शेजारच्या वेटोळ्यातही तो जागा होतो. शेजारच्या, हे महत्त्वाचं. फोन बोटभर सरकला की चार्जिंग रेंगाळतं आणि जे पोचत नाही ते तापतं. अंतर वाढवायला २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटीत मारिन सोल्याचिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मीटरवरचा ६० वॅटचा बल्ब पेटवला. युक्ती आपल्याकडच्या कुठल्याही सतारियाला कळेल अशी. सतारीला खाली तरफेच्या तारा असतात, त्यांना कुणी छेडत नाही. वरच्या तारेवर त्यांचाच सूर लागला की त्या आपोआप बोलतात, बाकीच्या गप्प राहतात. तशी दोन वेटोळी एकाच सुरात लावली तर खोलीभर न सांडता ऊर्जा एकीकडून दुसरीकडे जाते. तरी शंभरातले चाळीसच पोचले. दोन मीटरवर. माझ्या बल्बाला हे कुणी कळवायला हवं होतं.

लांब जायचं तर झोत हवा. चहूकडे आरोळी न देता एकाच दिशेने फेकायचं. विल्यम ब्राऊन या अमेरिकन अभियंत्याने १९६४ मध्ये मायक्रोवेव्हच्या झोतावर एक छोटं हेलिकॉप्टर उडवून दाखवलं, आणि १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला दीड किलोमीटर पलीकडे तीस किलोवॅटहून जास्त वीज उतरवली. झेलायला उभारलेल्या अँटेनांच्या जाळीवर पडलेल्या लहरींपैकी ऐंशी टक्क्यांच्या वर विजेत बदलल्या. हे फार मोठं काम होतं. पण झोताचा पुष्कळ भाग जाळीच्या बाजूने निसटून जात होता, कारण झोत पसरतोच. टॉर्च भिंतीजवळ धरा, बशीएवढा उजेड; रस्त्यापलीकडे धरा, परातीएवढा. कितीही चांगला आरसा लावा, लहरींना हे पसरणं सुटत नाही. लांबवर बारीक हवा असेल तर फेकणारी थाळी मोठी लागते, नाहीतर झेलणारी.

किती मोठी? अवकाशात सौर पटलं ठेवून तिथून वीज खाली पाठवायची कल्पना पीटर ग्लेझर यांनी १९६८ मध्ये मांडली. अमेरिकेत सत्तरीच्या अखेरीस तिचा सविस्तर आराखडा झाला: ३६ हजार किलोमीटरवरून ५ हजार मेगावॅट, म्हणजे कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या साडेसात संचांएवढी वीज. वर एक किलोमीटर व्यासाचा प्रक्षेपक. खाली १० गुणिले १३ किलोमीटरची लंबगोल जाळी. मी ती नागपूरच्या नकाशावर ठेवून पाहिली, अशा कामांना मला वेळ असतो. महापालिकेच्या हद्दीचा निम्म्याच्या आसपास भाग झाकला गेला. महाल गेलं, बर्डी गेली, धरमपेठ गेलं. झोताने कुणी भाजणार नाही, मधोमधही तो दुपारच्या उन्हाच्या पाव भागाइतकाच, असं आराखड्यात होतं. नवतप्यात नागपूरकराला उन्हाचा पाव भाग वर आणखी देऊ करणारा माणूस मला एकदा भेटायचाय.

२०२३ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या तंत्रज्ञान संस्थेने अवकाशात पाठवलेल्या यंत्राने खरोखरच कक्षेतून झोत पाठवला आणि तो तिथल्या एका इमारतीच्या छतावर टिपता आला. टिपता आला, एवढंच. म्हणजे पुन्हा निरोपच. २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने लेझरने ८.६ किलोमीटरवर आठशे वॅट उतरवले, तीस सेकंद. महालातून निघालं तर वाडी नाका यायच्या थोडं अलीकडे, आमच्या चार कूलरांपुरती वीज, अर्धा मिनिट. आणि मधे ढग नको, धूळ नको. आमच्याकडची मे महिन्यातली वावटळ त्यांनी पाहिलेली नाही.

याच्या शेजारी एक तार ठेवतो. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची, लाइन जाते. ७५२ किलोमीटर, अधिक-उणे पाचशे केव्ही, १५०० मेगावॅट. १९९९ पासून. पावसात, धुळीत, रात्री. असल्या लाइनीवर शंभरातले नव्वदहून जास्त पलीकडे पोचतात आणि कुणी बातमी करत नाही. विदर्भाचा कोळसा जळतो आणि मुंबईकडचे एसी चालतात, याबद्दल आमच्या मनात जे आहे ते आहेच, पण तारेचा त्यात दोष नाही.

मग ते स्वप्न निव्वळ वेडेपणा का? मला नाही वाटत. फक्त लोक ते चुकीच्या जागी शोधतात. मेट्रोच्या कार्डात बॅटरी नसते. गेटवर टेकवलं की गेटच त्याला क्षणभर जेवू घालतं आणि तेवढ्यात कार्ड आपला नंबर सांगून मोकळं होतं. फास्टॅगलाही पोटात काही नाही. बोरखेडीच्या टोल नाक्यावर वरचं यंत्र चार-सहा मीटरवरून लहरी फेकतं, त्यांच्यावरच तो जागा होतो. रोज लाखो लोक बिनतारी वीज वापरतात आणि त्यांना पत्ता नसतो, कारण लागते ती फुंकरभर.

आणि आमच्या शेजारचा साडेपाच वर्षांचा पोरगा. जन्मतः ऐकू येत नव्हतं, दुसऱ्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. कानामागे केसांत एक छोटी चकती लोहचुंबकाने चिकटलेली असते. कातडीखाली दुसरं वेटोळं. आत सेल नाही, कारण कवटीत बसवलेल्या वस्तूचा सेल दर दोन दिवसांनी कोण बदलणार? कातडीच्या त्या चार-सहा मिलिमीटरमधून आवाजही जातो आणि त्या आवाजाला लागणारी वीजही. निरोप आणि शिधा एकाच थैलीत. तिथे किती टक्के वाया जातात, असं विचारायला माझ्यातला विमावालाही धजला नाही. चकती पडली की तो खेळता खेळता थांबतो, ती शोधतो, डोक्याला लावतो आणि जिथे थांबला होता तिथून पुढे भांडायला लागतो.

त्या रात्री, चकतीवाल्या, साडेदहाला लाइन गेली. जंपर तुटला होता म्हणे. कूलर थांबला तसे आम्ही तिघं गच्चीवर आलो. आजकाल गच्चीवर कुणी झोपत नाही. मुलीने खालून बाबांची हत्यारांची पेटी आणली होती, बल्बाची गोष्ट ऐकल्यापासून तिला ते पाहायचंच होतं. पुठ्ठ्याची नळी चेपली होती, पण तार शाबूत होती. डायोड होता. रिसीव्हरही होता.

जोडायला गेलो तर कपडे वाळत घालायची तार आता नायलॉनची दोरी झालेली. नळाचा पाइप प्लास्टिकचा. म्हणजे एरियल नाही आणि अर्थही नाही. बाबांना याचा राग आला, जणू आम्ही मुद्दाम केलं. मग त्यांनीच डिश येण्याआधीची एक मेलेली केबल कठड्यावरून शोधून दिली, आणि अर्थसाठी मला मीटरच्या बोर्डाजवळ पाठवून खड्ड्यातून आलेली तार कुठली ते वरून ओरडून सांगितलं. टॉर्चच्या उजेडात डायोड दोनदा उलटा लागला.

राष्ट्रीय वाहिनी बंद होऊन काही वर्षं झाली आहेत. मी मुलीला तसं सांगितलं होतं. पण नागपूर केंद्र अजून मध्यम लहरींवर आहे, आणि लाइन गेलेली असल्यामुळे आख्ख्या मोहल्ल्यातले चार्जर, एलईडी, इन्व्हर्टरची खरखर थांबलेली. इतकी स्वच्छ हवा इथे एरवी नसते.

मुलीने रिसीव्हर कानाला लावला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कुणीतरी बोलतंय. काय ते कळत नाहीये."

बाबांनी हात पुढे केला. कानातलं यंत्र काढून माझ्या तळहातावर ठेवलं, रिसीव्हर लावला आणि डोळे मिटले. मी विचारलं, "येते का?" त्यांनी गप्प बस म्हणून एक बोट वर केलं.

तेवढ्यात खालून पोरं ओरडली, "आऽऽली!" सगळ्या गल्लीतले कूलर एकदम घरघरले, खांबावरचा दिवा लागला, माझ्या तळहातावर ते यंत्र बारीक शिट्टी घालत होतं. बाबांचं बोट अजून वरच होतं.